भाड्याच्या खोलीवरचं ऊन

आमची सोसायटी नाशिकच्या पाथर्डी फाट्याला. छत्तीस फ्लॅट, दोन लिफ्ट, एक बोअर. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर सोलर बसलं आणि मेंटेनन्समधला मोठा घास घेणारं लिफ्ट-पंपाचं बिल एकदम खाली आलं. सेक्रेटरी मीच, त्यामुळे बिलाची प्रिंट माझ्या टेबलावर पडलेली असते. परवा पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची नजर तिच्यावर गेली.

"काका, अकराशे? अख्ख्या बिल्डिंगचे?"

म्हटलं, अख्ख्या नाही, फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे.

"तरी पण. माझ्या एका खोलीचे साडेपाचशे येतात."

त्यांच्या खोलीत एक पंखा, दोन ट्यूब, एक टीव्ही. मिक्सर आठवड्यातून दोनदा. फ्रीज नाही. एवढ्याचे साडेपाचशे कसे होतात ते माझ्या डोक्यात बसेना, म्हणून त्यांना हिशेब कुठे लिहिलेला असतो ते विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइलवर एका वहीच्या पानाचा फोटो दाखवला. शंभर पानी वही, आडव्या रेघांवर पेनाने आखलेले चार रकाने: मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, फरक, रुपये. ताईंच्या नावापुढे फरक ४५ आणि रुपये ५४०. म्हणजे युनिटला बारा रुपये.

खोली अंबडगावात आहे, एमआयडीसीला लागून. एका ओळीत सहा पत्र्याच्या खोल्या, बाजूला मालकाचं घर. महावितरणचं मीटर एकच, मालकाच्या नावावर. प्रत्येक खोलीला पुढे एकेक सबमीटर. सातपूर, अंबड, सिन्नर, कारखान्यांच्या आसपास कुठेही जा, हीच मांडणी दिसेल.

मालक लुबाडतोय, असं मलाही आधी वाटलं. मग कागद घेऊन बसलो. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली शंभर युनिटं वहन आकार (तारांतून वीज आणून देण्याचे पैसे) धरून साधारण सहा रुपयांच्या आसपास पडतात. शंभर ते तीनशे या टप्प्यात तोच दर अकराच्या घरात जातो, तीनशेच्या पुढे चौदाला टेकतो. वर स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो, दर महिन्याची ठरलेली रक्कम, आणि सगळ्यावर १६ टक्के विद्युत शुल्क. आता सहा खोल्यांची पंचेचाळीसप्रमाणे २७० युनिटं आणि मालकाच्या घराची दीडशे मिळून एका मीटरवर ४२० युनिटं होतात. त्याचं बिल पाच हजारांच्या पुढे जातं. भागाकार करा, युनिट बारा ते तेरा रुपयांच्या मध्ये कुठेतरी येतं. मालकाने बारा लावले तर तो पदरचे घालतोय किंवा जेमतेम बरोबरीत सुटतोय.

याच सात घरांना सात मीटरं असती, तर सहा घरं शंभरच्या आत, सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसली असती. कमी वापरणाऱ्याला वीज स्वस्त मिळावी म्हणून हे टप्पे आखलेले आहेत. पण मीटर एक आणि घरं सात झाली की सगळ्यात कमी वापरणाऱ्यांच्या माथी वरच्या टप्प्याचा दर बसतो. सोलरबद्दल बोलण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, कारण पुढची सगळी गुंतागुंत याच वहीतून निघते.

अंधार नाही, तरी गरिबी

ऊर्जादारिद्र्य म्हटलं की कंदील आठवतो. पण २०१७ मध्ये घरोघर वीजजोडणी देणारी सौभाग्य योजना आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत देशातल्या बहुतेक घरांत निदान एक तार आणि एक दिवा पोचला. आता प्रश्न तारेच्या पुढचा आहे. बटण आहे, पण दाबताना हात थांबतो.

ब्रिटनमध्ये बरीच वर्षं एक ठोकळेबाज व्याख्या चालायची. घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागत असेल तर ते घर इंधनगरीब. यातला 'पुरेसं' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्यक्षात किती खर्च होतो यापेक्षा किती करावा लागला असता, हे मोजायचं. आपल्याकडे ही मेख हमखास सुटते. ताई चार घरची कामं करून महिन्याला जे कमावतात त्याच्या दहा टक्के काही बिल येत नाही. कागदावर त्या ठीकठाक. पण एप्रिलमध्ये पत्रा तापतो तेव्हा दुपारी खोलीत बसवत नाही आणि तरीही तो एकुलता पंखा माणूस बाहेर पडल्याबरोबर बंद होतो. उरलेली भाजी संध्याकाळी टाकावी लागते, कारण फ्रीज नाही. मोठी मुलगी दहावीला आहे. टीव्ही आणि ट्यूब एका वेळी लावायची नाही हा घरातला नियम. बिल लहान दिसतं ते वापर दाबून ठेवल्यामुळे.

नाशिक थंड हवेचं गाव, अशी आपली जुनी ऐट आहे. ती पत्र्याच्या खोलीत टिकत नाही.

स्वयंपाकाचीही तीच गत. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, घरोघर शेगड्या आल्या. पण पेठ-सुरगाण्याकडे गेलात तर शेगडी फळीवर झाकून ठेवलेली आणि बाजूला चूल पेटलेली, असं घर सापडायला वेळ लागत नाही. जोडणी मिळणं वेगळं आणि दर महिन्याला भरलेला सिलिंडर परवडणं वेगळं.

अनुदान छपराच्या मागे जातं

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना आली. एक कोटी घरांचं लक्ष्य, ७५,०२१ कोटींची तरतूद. एक किलोवॅटच्या संचाला ३०,००० रुपये अनुदान, दोनला ६०,०००, तीन आणि त्यापुढे ७८,०००. राज्याने तिला 'स्मार्ट' नावाची जोड दिली, खास करून शंभर युनिटच्या आत वापर असलेल्यांसाठी. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटचा साधारण पन्नास हजारांचा संच फक्त अडीच हजार स्वतःचे घालून मिळावा, बाकीचे केंद्र आणि राज्याने भरावेत, अशी ती आखणी.

आखणी चांगलीच आहे. मी नावं ठेवत नाही. पण नेहमीचा अर्ज भरताना दोन गोष्टी लागतात, स्वतःच्या नावाचं मीटर आणि स्वतःच्या हक्काचं छप्पर. ताईंकडे दोन्ही नाही. झोपडपट्टीत राहणाऱ्याकडे मीटर असतं, पण पत्र्यावर पॅनेलचा सांगाडा उभा करायला आधार नसतो. सिडकोतल्या जुन्या योजनांमधल्या घरांवर इतके मजले चढलेत की गच्ची कुणाची हाच वाद. शेजारी उंच इमारत उभी राहिली की खालच्या घरावर दुपारी तीनलाच सावली.

हिशेबातली आणखी एक तिरकी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सोलरचं एक युनिट सगळ्यांसाठी सारख्याच किमतीचं नसतं. गंगापूर रोडवरच्या बंगल्यात महिन्याला सहाशे युनिटं लागतात. तिथे सोलरने वाचवलेलं पहिलं युनिट सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. पंचेचाळीस युनिटं वापरणाऱ्या घरात तेच युनिट सहा रुपयांचं. ऊन तेच, पॅनेल तेच, पण बंगल्याची बचत दुपटीहून जास्त. म्हणून सोलर विकणारा माणूस आधी बंगल्याची बेल वाजवतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, पण आपोआप काय होणार याचा अंदाज त्यातून येतो.

आणि आपोआप जे होतं त्याला एक शेपूटही आहे. खालच्या टप्प्यातली वीज स्वस्त ठेवता येते, कारण वरच्या टप्प्यातले ग्राहक, दुकानं आणि कारखाने जास्त दर भरतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. हे जास्त भरणारे एकेक करून आपापल्या छपरावरच्या सोलरकडे सरकले की तारा, खांब, रोहित्रं आणि वायरमनचे पगार यांचा खर्च उरलेल्यांवर पडतो. उरलेले म्हणजे ज्यांना छप्पर नाही ते. आमच्या सोसायटीच्या बिलाची मी जी फुशारकी मारतो तिचा एक बारीक तुकडा कदाचित अंबडच्या वहीत कुणाच्या तरी नावावर पडत असेल. मला हे उशिरा उमगलं.

डेअरीतलं दूध

मग ज्याला छप्पर नाही त्याने काय करायचं? दुसऱ्याच्या छपरावरचं ऊन आपल्या बिलात आणायचं. ऐकायला जादू वाटते, पण नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे नवं नाही.

सिन्नर तालुक्यातल्या कुठल्याही गावात सकाळी दूध संकलन केंद्रावर उभे राहा. कुणी दोन लिटर आणतो, कुणी वीस. मोजमाप होतं, फॅट लागतं, चिठ्ठी मिळते आणि दूध एकाच टाकीत जातं. संध्याकाळी तुम्ही दुकानातून पिशवी आणता तेव्हा त्यात तुमच्याच म्हशीचं दूध आहे का, असं कुणी विचारत नाही. तुमच्या नावावर किती लिटर लागलं ते पासबुकात असतं, तेवढं पुरतं.

वीजही अशीच एकाच टाकीत जाते. गच्चीवरच्या पॅनेलमधून निघालेली वीज सगळ्यात जवळ जिथे मागणी असेल तिथे खर्च होते. तिला नाव-गाव नसतं. नाव असतं ते मीटरच्या आकड्याला. साध्या नेट मीटरिंगमध्ये एकाच घराचं जमाखर्चाचं खातं असतं: दिवसा इतकी युनिटं ग्रिडला (वीजतारांच्या सामायिक जाळ्याला) दिली, रात्री इतकी घेतली, फरकाचं बिल. सामायिक सोलरमध्ये एवढाच बदल करायचा की जमेची बाजू एका मोठ्या संचाच्या मीटरवर मोजायची आणि ती ठरलेल्या टक्केवारीने अनेक घरांच्या बिलांत वाटायची. याचं नाव व्हर्च्युअल नेट मीटरिंग. घरात पॅनेल नाही, पत्र्यावर वायर नाही. बिलावर फक्त एक ओळ वाढते: सामायिक संचातून जमा, चाळीस युनिटं.

याच्याच शेजारी ग्रुप नेट मीटरिंग नावाची सोय असते आणि लोक हमखास गोंधळतात. त्यात ग्राहक एकच असतो, मीटरं अनेक. एखाद्या संस्थेच्या एका इमारतीवर संच असेल आणि तिची जमा त्याच संस्थेच्या दुसऱ्या इमारतींच्या बिलांत वळवायची असेल तर ते ग्रुप. भाडेकरूंच्या कामाचं ते नाही. दिल्लीने २०१९ मध्ये या दोन्हींचे नियम केले. सूर्यघर योजनेतही व्हर्च्युअल पद्धतीने जोडलेला संच अनुदानाला पात्र धरला आहे. मात्र ही वाटणी नेमकी कशी, किती क्षमतेपर्यंत आणि कुणाकुणात करता येते, हे प्रत्येक राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. म्हणून पैसे गोळा करायच्या आधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावं. तोंडी 'होऊन जाईल' वर विसंबू नये.

आकड्यांत पाहू. एखाद्या शाळेच्या गच्चीवर वीस किलोवॅटचा संच बसवला. जागा लागेल साधारण दोन हजार चौरस फूट, सावली नसलेली. एका किलोवॅटमागे महिन्याला सरासरी १२० युनिटं धरतात, म्हणजे एकूण २,४०० युनिटं. चाळीस घरांत वाटली तर प्रत्येकी साठ. पण पंचेचाळीस वापरणाऱ्या घराला साठ देऊन उपयोग काय? वरची पंधरा नुसती खात्यावर साचत जातात. त्यापेक्षा साठ घरांना चाळीस-चाळीस दिली तर एकही युनिट पडून राहत नाही. चाळीस युनिटांचे विद्युत शुल्क धरून पावणेतीनशेच्या आसपास रुपये वाचतात. खर्च अंदाजे दहा लाख, म्हणजे घरामागे सोळा-सतरा हजार. अनुदान न धरताही पाच वर्षांत फिटतं, आणि पॅनेल पंचवीस वर्षं चालतं.

सोळा हजार एकरकमी काढणं ताईंच्या आवाक्याबाहेर आहे, हे उघड आहे. इथे तिसऱ्याचा पैसा लागतो: पतसंस्था, महापालिका, एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी, किंवा संच स्वतः बसवून युनिटप्रमाणे पैसे घेणारी कंपनी. या शेवटच्या प्रकाराला रेस्को म्हणतात आणि सूर्यघर योजनेत त्याचीही वाट ठेवली आहे. नाशिकमध्ये पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. सोनं तारण ठेवून कर्ज देणाऱ्यांनी उन्हाच्या हप्त्यावर कर्ज द्यायला हरकत नसावी. दर महिन्याला वाचणाऱ्या पावणेतीनशेतले दोनशे हप्त्यात गेले तरी पंच्याहत्तर हातात उरतात. फार नाहीत, आणि दोनशेच्या हप्त्याने फेड सात वर्षांवर जाते. पण पहिल्या महिन्यापासून उरतात.

वाटणी कशी करायची

तंत्राचा भाग इथे संपतो आणि भांडणाचा सुरू होतो. कुणाला किती टक्के?

आपल्याच जिल्ह्यातल्या बागलाणात मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर पाणी वाटून घेण्याची शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या शिवाराचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले. एका फडात एकच पीक. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडून पाणी घ्यायचं नाही. यातली खरी हुशारी जमिनीच्या मांडणीत आहे. एकेका कुटुंबाची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी कुठल्या फडाला पाणी द्यायचं नाही हे सगळे मिळून ठरवतात, आणि कोरडा राहिलेला फड कुणा एकाचा नसल्याने नुकसानही सगळ्यांत थोडंथोडं वाटलं जातं.

सामायिक सोलरचा करार लिहिणाऱ्याने आधी बागलाणात एक चक्कर मारावी, असं मला मनापासून वाटतं. कारण ऊनही दर महिन्याला सारखं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये संच भरभरून देतो, जुलै-ऑगस्टमध्ये आकाश आठवडाभर उघडत नाही आणि आकडा पार खाली येतो. त्र्यंबक-इगतपुरीकडे तर विचारूच नका. प्रत्येक घराला 'चाळीस युनिटं नक्की' असं आश्वासन देऊन बसलात तर पावसाळ्यात तोंड लपवायची वेळ येईल. 'एकूण जे होईल त्याचा साठावा हिस्सा' असं लिहिलं तर तूट सगळ्यांत वाटली जाते.

पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, ही वाटणी सरळ वाटते. पण त्यात ज्याच्याकडे पैसा तो पुन्हा पुढे. सगळ्यांना समान, हे सोपं. पण एकट्या म्हातारीला आणि सात माणसांच्या घराला समान कसं? गरजेप्रमाणे म्हणावं तर गरज कोण ठरवणार? स्पेनमध्ये २०१९ च्या नियमाने एका संचाची वीज ठरावीक अंतरातल्या अनेक घरांना वाटून घेता येऊ लागली. आधी पाचशे मीटर, पुढे छपरावरच्या संचांना दोन किलोमीटर. तिथे प्रत्येक घराचा वाटा आकड्याने लिहून द्यावा लागतो. काही नगरपालिका शाळेच्या छपरावरच्या संचातला ठरावीक हिस्सा बिल न झेपणाऱ्या घरांसाठी राखून ठेवतात. मला हा मार्ग पटतो. आमच्यासारख्या सोसायट्यांनी संच थोडा मोठा बसवावा आणि दहावा हिस्सा बाहेरच्या चार-सहा घरांच्या नावे लिहून द्यावा. आमच्या सभेत हे मी बोललो तेव्हा पहिला प्रश्न पार्किंगचा आला. पण विषय निघाला तरी.

आपल्याच भागात मिळून वीज करण्याचे प्रयोग झालेले आहेत. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंढी गावात २०१६ मध्ये मूठभर शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. भिजवून झालं की उरलेली वीज ते ग्रिडला विकायचे. पाणी उपसत राहण्यापेक्षा वीज विकणं परवडतं म्हटल्यावर विहिरीवरचा ताणही कमी होतो. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये, ग्रिडची तार पोचली नव्हती तेव्हा, सुमारे चाळीस घरांसाठी एक छोटं सौर ग्रिड उभं राहिलं. घरोघर मीटर, गावाची समिती, वापराप्रमाणे पैसे. सातारा जिल्ह्यातल्या मान्याचीवाडीत शंभरेक घरांचं अख्खं गाव सौर झालं. पण मान्याचीवाडीत प्रत्येकाला छप्पर आहे आणि गावाला एक तोंड आहे. शहरातल्या भाडेकरूंना दोन्ही नसतं. अकरा महिन्यांचा करार संपला की माणूस चुंचाळ्याहून म्हसरूळला जातो. म्हणून त्याचा वाटा खोलीला चिकटवून चालणार नाही, माणसाच्या नावाला चिकटवावा लागेल आणि नव्या मीटरवर नेता यावा लागेल. करारात ही एक ओळ नसेल तर फायदा शेवटी खोलीमालकाच्या मीटरवर जमा होतो.

छपरांचा तुटवडा नाशिकला नाही. महापालिकेच्या शाळा आहेत, एसटीचे डेपो आहेत, लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्यांची लांबच लांब शेडं आहेत, एमआयडीसीचे पत्रे तर नजर पोचेल तिथवर. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या इतकी वर्षं कोळसा जाळून ६३० मेगावॅटची क्षमता सांभाळताहेत आणि राख आसपासच्या गावांनी सोसली. त्या मानाने छपराला कुणाचा त्रास नाही.

गच्चीवर काय बिघडतं

आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यानंतर तीन महिने जमा जवळजवळ निम्म्यावर आली होती. कुणाच्याच लक्षात आलं नाही. ढग असतील म्हणून मी गप्प. दिवाळीत आकाशकंदील लावायला गच्चीवर गेलो तेव्हा इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावर, लाल दिवा लागलेला दिसला. पॅनेलच्या एका ओळीखाली कबुतरांनी घरटी केलेली, वायर चोचीने सोलून काढलेली. बसवणाऱ्याला फोन केला तर पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. आठवडे मोजायचं मी नंतर सोडून दिलं. शेवटी फाट्यावरच्या वायरमनने जाळी मारली आणि जोड बदलला.

सोसायटीला हे परवडतं. पण साठ गरीब घरांच्या संचावर लाल दिवा लागला आणि तीन महिने कुणी पाहिलंच नाही, तर ती तूट साठ स्वयंपाकघरांत जाते. म्हणून पाटकरी लागतो. पगारी. रोज मोबाइलवर आकडा बघणारा, पंधरा दिवसांनी सकाळी लवकर पॅनेल धुणारा. लवकर यासाठी की तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. शिवाय बोअरचं जड पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे डाग बसतात आणि खरवडावे लागतात. इन्व्हर्टर पॅनेलइतका टिकत नाही, दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. त्यासाठी दर महिन्याला युनिटमागे थोडे पैसे बाजूला पडले नाहीत तर अकराव्या वर्षी संच गच्चीवरची नुसती अडगळ होतो.

आणखी एक गैरसमज आधीच फोडून टाकलेला बरा. ग्रिडला जोडलेला सोलर संच लाइट गेले की स्वतःही बंद पडतो, भर दुपारी बारा वाजता कडक ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट बाजूने शॉक बसू नये म्हणून तशी सक्तीच आहे. त्यामुळे सामायिक सोलर घेतलं की लोडशेडिंग टळेल, असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. तसं हवं असेल तर बॅटरी लागते आणि सगळा हिशेब बदलतो.

स्थिर आकारही सुटत नाही. वीज फुकट झाली तरी तो भरावाच लागतो आणि लहान ग्राहकाच्या बिलात त्याचा वाटा मोठा असतो. बिल थकलं तर कनेक्शन कापलंही जातं, फक्त वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे मुद्दाम लिहिलं, कारण सबमीटरवाल्याला ती नोटीसही मिळत नाही. त्याचं कनेक्शन मालक स्विच खाली करून कापतो.

या सगळ्याचं टोक मीटरपाशीच येतं. सामायिक संचातली जमा ज्या बिलात टाकायची ते बिल आधी त्या माणसाच्या नावावर हवं. कायद्याने त्याला अडकाठी नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये मालक किंवा भोगवटादार, कुणीही जोडणी मागू शकतो असं म्हटलंय. वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर, महानगरं सोडून बाकीच्या महापालिका हद्दीत नवी जोडणी सात दिवसांत द्यावी असा नियमही आहे. प्रत्यक्षात मालकाच्या संमतीवाचून भिंतीवर मीटरची पेटी बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ताईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी मालकाला विचारलं. आठवड्याने सांगत होत्या, मालक म्हणतो घ्या की वेगळं मीटर, माझी ना नाही, पण मग खोलीचं भाडं दोनशे वाढेल.

आम्ही दोघांनी बिलाच्या प्रिंटमागे हिशेब मांडला. आता ५४०. स्वतःचं मीटर घेतलं तर पंचेचाळीस युनिटं आणि स्थिर आकार मिळून ४६०. वाचले ८०, भाडं वाढलं २००. म्हणजे तोटा १२०. त्यात सामायिक सोलरची चाळीस युनिटं जमा झाली तर पावणेतीनशे कमी. हप्ता दोनशे.

"म्हणजे सात वर्षं महिन्याला पंचेचाळीस जास्त द्यायचे," ताई म्हणाल्या. बोटांवर मोजूनच, माझं पेन अजून वजाबाकीवर होतं. "आणि हप्ता फिटल्यावर?"

दीडशेच्या वर वाचतील, मी म्हटलं.

"सात वर्षं त्याच खोलीत राहिले तर ना." त्यांनी तवा गॅसवर ठेवला. "त्या बाकीच्या पाच खोल्यांना विचारून बघते. सगळ्यांनी मिळून मीटर मागितलं तर भाडं वाढवायला तो जरा कचरेल."